मदत हवी आहे: मुलांच्या व्हिडिओ-गोष्टींसाठी हातात धरायची खेळणी कशी बनवू?

नमस्कार मंडळी,

नाशकात इंदिरानगरला आम्ही एक छोटं बालवाचनालय चालवतो. शनिवारी दुपारी आठ ते बारा वयाची पोरं जमतात आणि सध्या सगळ्यांना व्हिडिओ काढायचे असतात. माझी काही हरकत नाही. पण फोन एकच, आणि तो ज्याच्या हातात तो त्या दुपारचा मालक. बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावत "मला दे ना" करत बसतात. गोष्ट राहते बाजूला, हाती लागतात नुसते चेहरे आणि किंचाळ्या.

म्हणून ठरवलंय की फोन कुणाच्याच हातात द्यायचा नाही. तो स्टँडवर. पोरांच्या हातात दुसऱ्या वस्तू, आणि ज्याच्या हाती जी वस्तू ते त्याचं काम.

पहिली वस्तू चौकट. पुठ्ठ्यात १६ बाय ९ सेंटिमीटरची खिडकी कापली आणि खाली गाठी मारलेला नाडा बांधला. गाठ नाकाशी धरायची, नाडा ताणायचा आणि एक डोळा मिटून बघायचं. जवळच्या गाठीला अख्खी खोली दिसते, मधल्या गाठीला माणूस, लांबच्या गाठीला नुसता चेहरा. चौकटवाला सांगेल तेवढंच फोनमध्ये आलं पाहिजे. क्लोज-अप, लाँग शॉट असले शब्द मी शिकवलेच नाहीत, आता पोरंच म्हणतात, "इथे तिसरी गाठ लाव."

दुसरा फासा. सुताराकडून लाकडी ठोकळा आणला आणि सहा बाजूंना सहा जण रंगवले: मुंगी, कावळा, मांजर, चोर, आजी, भूत. जो पडेल त्याच्या डोळ्यांनी तो प्रसंग दाखवायचा. मुंगी आली की स्टँड जमिनीवर, कावळा आला की वरून, चोर आला की पडद्याआडून. भुताचं काय करायचं यावर अजून एकमत नाही.

तिसरी वस्तू पोंगा, तिथे अडलंय. ही पोरं फाळके स्मारकाला सहलीत जाऊन आलेली, पण त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेबांनी १९१२ मध्ये कुंडीतलं वाटाण्याचं रोप वाढताना एकेक फ्रेम घेऊन टिपलं होतं, हे सांगितल्यावर त्यांची चक्रं फिरली. आता मातीची चित्रं करून एकेक फोटोने हलवणं चालू आहे. आम्ही सेकंदाला १२ फोटो धरतो, म्हणजे १० सेकंदांच्या गोष्टीला १२० फोटो. प्रत्येक फोटोआधी सगळ्यांचे हात चौकटीबाहेर गेले पाहिजेत, म्हणून सायकलचा रबरी पोंगा आणला. पोंगा वाजला की हात मागे! हे झकास चालतं. पण फोटो काढायला कुणीतरी पडद्यावर बोट टेकवतो आणि तिथेच फोन हलतो.

तर विचारायचं असं:

पोंगा दाबला की फोटो आपोआप निघेल असं काही करता येईल का? मला सोल्डरिंग येत नाही, पण शिकायची तयारी आहे.

पोरांचा धक्का लागला तरी हलणार नाही असा, वरून खाली बघणारा स्टँड कसा करावा? बाजारातले ट्रायपॉड त्यांच्यापुढे टिकत नाहीत.

चौकटी जास्त करायच्या आहेत. पुठ्ठा घामाने मऊ पडतो. सनबोर्ड लेझरने कापून घ्यावा का?

प्रतिसाद १

ताई, पोंग्याची कल्पना आवडली. बहुतेक फोनमध्ये कॅमेरा उघडा असताना वायरवाल्या इअरफोनचं आवाज वाढवायचं बटण दाबलं की फोटो निघतो. तुमच्या ॲपमध्ये चालतं का ते आधी नुसता इअरफोन लावून बघा. चाललं तर जुन्या इअरफोनची बटणांची डबी उघडा आणि त्या बटणाच्या दोन टोकांना दोन लांब वायरी जोडून घ्या. मोबाइल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देईल. वायरींच्या दुसऱ्या टोकाला मायक्रोस्विच, म्हणजे हलक्या दाबाने लागणारं छोटं बटण.

पोंग्याच्या रबरी फुग्याच्या आत मात्र काही घालू नका, हवा निसटेल आणि पोंगा मुका होईल. बिजागरीच्या लाकडी पट्टीखाली फुगा ठेवा. पट्टी दाबली की आधी पोंगा वाजेल आणि पट्टी पार खाली गेली की स्विच लागेल. मधला क्षण हात मागे घ्यायला. फोनला इअरफोनचं भोक नसेल तर सेल्फी स्टिकच्या ब्लूटूथ रिमोटवर हीच युक्ती.

प्रतिसाद २

सनबोर्ड लेझरखाली अजिबात नको! तो पीव्हीसी प्लॅस्टिकचा असतो, जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू सुटतो. कापणारा शहाणा असेल तर स्वतःच नाही म्हणेल. ३ मिलीमीटरचं एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) घ्या, पण आपल्या पावसाळ्यात ते फुगतं, म्हणून कडांना वॉर्निश मारा. आणखी एक, पत्रा कापणाऱ्या कारखान्यांत जाऊन उपयोग नाही, त्यांची फायबर लेझर लाकडाला चालत नाही. ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्यांकडे लाकूड कापणारी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर असते, तिथे विचारा.

स्टँडला पैसे घालवू नका. मध्ये भोक असलेलं प्लॅस्टिकचं स्टूल घ्या, फोन त्यावर पडदा वर करून ठेवा, भोकातून कॅमेरा खाली बघेल. मातीची चित्रं स्टुलाखाली. पायांना वाळूच्या पिशव्या बांधा, मग धडपडू देत.

प्रतिसाद ३

फोटो जोडल्यावर उजेड फडफडतो का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शिवाय फोन दर फोटोला उजेडाचा नवा हिशोब करतो. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, आणि खिडकीचा पडदा ओढून घ्या.

धागाकर्ती

फडफडतो, खूप! मला वाटायचं ॲपच बिघडलंय. हे शनिवारी करून बघते.

स्टुलाचं तर लगेच करून पाहिलं, कॅमेरा फोनच्या कोपऱ्यात असल्याने फोन थोडा सरकवून ठेवावा लागतो, बाकी उत्तम. मात्र स्टुलाखाली अंधार होतो. टेबललॅम्प एका बाजूने लावला तर पायांच्या सावल्या पडतात, दोन्ही बाजूंनी लावावे का? आणि नाशिकरोड किंवा सिडकोकडे सीओटू लेझरवालं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.