मदत हवी आहे: पाश्चात्य शास्त्रीय पियानोनंतर जॅझकडे कसे वळावे?

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. लहानपणापासून पाश्चात्य शास्त्रीय पियानो शिकलो, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांच्या आठही ग्रेड पूर्ण केल्या आणि आता वयाच्या ३४ व्या वर्षी, गेले सात महिने, जॅझ शिकण्याची धडपड करतो आहे. नोटेशन समोर असेल तर बाखचा फ्यूग (एकच चाल एकामागून एक गुंफत नेणारी रचना) मी बऱ्यापैकी वाजवतो; परंतु एका ओळीची चाल आणि तिच्यावर नुसती कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, नावे लिहिलेली लीड शीट समोर आली, की दोन्ही हात जागच्या जागी थिजतात.

एक उदाहरण देतो. जॅझमध्ये पावलोपावली भेटणारी दोन-पाच-एक ही मालिका, म्हणजे सी मेजरमध्ये डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी मेजर सेव्हन, डाव्या हाताने मूळ स्वर वगळून वाजवायला मी शिकलो. पहिल्या कॉर्डला एफ, ए, सी, ई; दुसरीसाठी त्यातला फक्त सी अर्धा स्वर उतरून बी होतो, बाकी तिन्ही बोटे हलतसुद्धा नाहीत; आणि तिसरीला ई, जी, बी, डी. हे प्रथम हाताखाली आले त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण सातवा स्वर एक पायरी खाली उतरून विसावतो हे मी बाखच्या कोरालांमध्ये (चर्चमधल्या स्तोत्रांच्या रचनांमध्ये) वर्षानुवर्षे वाजवत आलो होतो आणि तेच येथे निराळ्या वेषात उभे होते. पण हीच मालिका ई फ्लॅटमध्ये मागितली, की मनात आकडेमोड सुरू होते आणि ती संपेपर्यंत बार (तालाचा एक खंड, येथे चार मात्रांचा) निघून गेलेला असतो.

दुसरी अडचण स्विंगची, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीची. सारख्या लांबीच्या लिहिलेल्या दोन एट्थ नोट्सपैकी (अर्ध्या मात्रेच्या स्वरांपैकी) पहिली लांबवायची आणि दुसरी आखडायची, मध्यम लयीत हे प्रमाण साधारण दोनास एक असते आणि लय वाढेल तसे ते समान होत जाते, हे सगळे मला पाठ आहे. वाजवताना मात्र बोटे पुन्हा सरळ रांगेत येतात. (आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. त्यांच्या खडखडाटात मेट्रोनोम ऐकू येत नाही, म्हणून इयरफोन घालूनच सराव करावा लागतो.)

शास्त्रीय तालमीला दोष देण्याची सोय नाही. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांनी १९५२ मध्ये, वयाच्या ११ व्या वर्षी, शिकागो सिम्फनी वाद्यवृंदाबरोबर मोझार्टच्या पियानो कॉन्चेर्टोचा एक भाग वाजवला होता आणि दुसरे जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सही शास्त्रीय पियानोच शिकलेले. मग अडते कुठे? माझी आत्या ख्याल गाते. तिने एकदा माझा सराव ऐकला आणि म्हणाली, “अरे, तू मनात काही म्हणतच नाहीस, नुसती बोटे शोधत बसतोस.” तिचे म्हणणे झोंबले, पण खोडून काढता आले नाही.

सोलापुरात मला जॅझ शिकवणारे कोणी भेटले नाही. महिन्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन रात्री परतणे शक्य आहे. ऑनलाइन वर्गात आवाज उशिरा पोहोचत असल्यामुळे गुरूंबरोबर एकत्र वाजवता येत नाही. तीस दिवसांत जॅझ शिकवणाऱ्या एका अभ्यासक्रमाचे पैसे मी आधीच पाण्यात घातले आहेत. तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे: बाराही पट्ट्यांत कॉर्ड घोटून मग रचनांकडे वळावे, की एकच रचना धरून बसावे? आणि रोजच्या तासाभराची विभागणी कशी करावी?

प्रतिसाद

नमस्कार. याच वाटेने गेलेला असल्यामुळे लिहितो. बारा पट्ट्या तूर्त बाजूला ठेवा आणि एफमधला बारा बारांचा ब्लूज, म्हणजे जॅझमधला कॉर्डचा एक ठरलेला साचा, घ्या. चार बार एफ सेव्हन, दोन बी फ्लॅट सेव्हन, दोन एफ सेव्हन, मग सी सेव्हन आणि बी फ्लॅट सेव्हन एकेक बार, शेवटी दोन बार पुन्हा एफ सेव्हन. डाव्या हातात फक्त ए आणि ई फ्लॅट ठेवा, म्हणजे एफ सेव्हनचे तिसरा आणि सातवा स्वर. दोन्ही बोटे अर्धा स्वर खाली सरकवली की बी फ्लॅट सेव्हन, मूळ जागेपासून अर्धा स्वर वर नेली की सी सेव्हन. आकडेमोड उरतच नाही.

उजव्या हाताने दोन बार वाजवा, दोन बार मोकळे सोडा. आणि जे वाजवणार ते आधी तोंडाने म्हणा. आपल्या आत्यांना पांढरी चार पट्टी चालत असेल तर त्यांचा षड्ज म्हणजेच आपला एफ. त्यांच्याबरोबर दोन-दोन बारांचे सवाल-जवाब करून पाहा. मेट्रोनोम ६० वर लावून त्याचा ठोका दोन आणि चार या मात्रांवर धरा, म्हणजे प्रत्यक्ष लय १२० होईल. पहिला आठवडा तोल जाईल, जाऊ द्या.

स्विंगसाठी जॅझ पियानोवादक विंटन केली यांच्या एखाद्या ब्लूज सोलोचे आठच बार निवडा, वेग कमी करून ऐका आणि ध्वनिमुद्रणाबरोबर गाता येईपर्यंत पियानोला हात लावू नका. कागदावर तर मुळीच उतरवू नका. आपल्याला कागद दिसला की काय होते, ते आपणच वर लिहिले आहे. पुण्याची फेरी या आठ बारांनंतर करा, म्हणजे गुरूंना दाखवायला हातात काहीतरी असेल.