भोळ्या दाजींची चेष्टा करावी की नाही?

सातरस्ता:
सोलापूरच्या गड्डा जत्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही मंगळवेढ्याकडच्या शेतावर हुरड्याला गेलो. मोठे दाजी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं आले होते. माणूस गप्पिष्ट, आणि कुणी काही सांगितलं की लगेच खरं धरणारा. आगटीतून कणसं निघाली तशी धाकट्या भावानं गंभीरपणे सांगितलं, ‘दाजी, पहिली पाटी संपेपर्यंत बोलायचं नाही हं. बोललं की दाणा कडू लागतो.’ दाजींनी तोंड मिटलं ते मिटलंच. गरम कणीस तळहातावर चोळायचं, भुसा फुंकायचा, शेंगाचटणी हवी तर बोटानं दाखवायची. आक्कानं विचारलेल्या प्रश्नाला मानेनंच उत्तर. शेवटी आईला हसू आवरेना, तिनंच सांगून टाकलं. दाजी इतके हसले की ठसका लागला.

माझं मत स्पष्ट आहे, अशी चेष्टा घरात हवी. पैशाला धक्का नाही, अंगाला इजा नाही, आणि बसल्या जागी उलगडा. नुसतं ‘घ्या, घ्या’ करत राहिलं की जावई कायम पाहुणाच राहतो. आक्काला मात्र हे अजिबात आवडलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं?

कंबरतलाव:
हसले म्हणजे आवडलं, असं कसं धरता? सासुरवाडीत, सगळ्यांदेखत, जावई दुसरं करणार काय? चिडला तर तोऱ्याचा, गप्प बसला तर रुसला. माझे वडील असेच साधे. चुलते कार्यात हमखास त्यांना काहीतरी थाप मारायचे आणि वडील सगळ्यांबरोबर हसायचे. घरी आल्यावर आईला विचारायचे, ‘मी एवढा बावळट दिसतो का गं?’ चुलत्यांनी तो प्रश्न कधी ऐकला नाही. मी ऐकलाय. आक्काचं बरोबर आहे.

चाटीगल्ली:
यात बावळटपणा कुठं आला बे? दाजींना शेती माहीत नाही, एवढंच. तिकडच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि पुढं जमिनीतल्या ओलीवरच ती वाढते. पुण्याच्या पाहुण्याला मी हे सांगितलं तर त्याला ती थाप वाटली! जिथं खरंच एवढं नवलाचं आहे, तिथं कडू दाणा खरा वाटला तर लाज कसली?

नवीपेठ:
मला दुसरीच काळजी वाटते. ‘आज रात्री तुमची वीज तोडणार’, ‘बँकेतून बोलतोय’, व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस आणि खोटी अटक, हे फोन अशाच माणसांना लागतात. पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच कळवलं तर ते पुढं जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. सगळा खेळ वेळेचा. पण ज्याच्या साधेपणावर घरचेच वर्षानुवर्षं हसलेत, तो घरी सांगेल का? दोन दिवस मनात ठेवील, आणि तेवढ्यात सगळं संपलेलं असतं.

सातरस्ता:
नवीपेठ, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण आमच्याकडचा अनुभव उलटा आहे. आपण फसलो यावर घरात मोकळेपणानं हसता येत असेल तर माणूस सांगायला कचरत नाही. मागे दाजींना पार्सल अडकल्याचा लिंकवाला मेसेज आला, तेव्हा त्यांनी पहिला फोन माझ्या धाकट्या भावालाच केला. थापा मारणाऱ्या त्याच भावाला!

पुतण्यानं त्या दिवशी गप्प बसलेल्या दाजींचा व्हिडिओ काढला होता, त्याचं मात्र वेगळं आहे. त्यानं तो घरच्या ग्रुपवर टाकलाय आणि त्या ग्रुपवर दाजींचे भाऊ-भावजयही आहेत. शेतावरची गंमत शेतावरच्या माणसांची. तो आजच काढायला लावतो.

कंबरतलाव:
काढाच. आणि एक करा, दाजींना एकट्याला विचारा. सासुरवाडीत नाही, ते पुण्यात स्वतःच्या घरी असताना, आणि विचारायला धाकट्या भावाला पाठवू नका. ‘मजा आली’ म्हणाले तर मी माझं म्हणणं मागे घेईन. तोवर मी आक्काच्या बाजूनं.