अनुभव धागा: कुंडी जुनी होते तेव्हा

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एकीनं फोटो टाकला, "मातीच्या कुंडीला पांढरा रोग लागलाय, फेकू का?" मला माझंच पाप आठवलं. नौपाड्यात नवीन होते तेव्हा अशाच चार कुंड्या तारेच्या घासणीनं घासून हाताची सालटी काढली होती. पंधरा दिवसांत पांढरं परत हजर. रोगबिग काही नाही. भाजलेली माती सच्छिद्र, पाणी तिच्या अंगातून पाझरून उडून जातं आणि त्यातले क्षार बाहेरच्या बाजूला राहतात. हातानं घडवलेल्या, वापरून मुरलेल्या कुंड्यांबद्दल तुमचंही लिहा. फसलेलं आधी लिहा.

ऐरोलीहून: क्षार नुसते पाण्यातले नसतात, खतातलेही असतात. मी रासायनिक खत मुठीनं टाकायचो तेव्हा काठावर मिठागरच झालं होतं. आता ओल्या कचऱ्याचं खत. थर आहे, पण पातळ.

वर्तकनगरहून: मी धारावीच्या कुंभारवाड्यातून आणते. तिथली बरीच घरं मूळची सौराष्ट्रातली. ज्या काकींकडून घेते त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. खणखणीत वाजली तर घे, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे किंवा भाजणी कच्ची. घरी आणली की रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची, नाहीतर कोरडी कुंडी झाडाचं पाणी स्वतःच पिते. बुडवल्यावर कितीतरी वेळ बारीक बुडबुडे येत राहतात. मुलगा लहान असताना स्टूल घेऊन बघत बसायचा. एका कुंडीच्या काठाच्या आत अंगठ्याचा ठसा आहे. बाहेरून काळीहिरवी झाली, ठसा तसाच.

नेरुळहून: शेवाळाची घाई नको! व्हिडिओ बघून कुंड्यांना ताक फासलं. शेवाळ आलं नाही, मुंग्या आल्या, आणि वास असा की सासूबाईंनी गॅलरीचं दार लावून घेतलं. शेवटी जूनमध्ये नुसत्या पावसात ठेवल्या, जुलै संपेपर्यंत सावलीची बाजू हिरवीगार. एप्रिलमध्ये तपकिरी पडते, पावसात पुन्हा उठते.

खारघरहून: माझा टॉवेल-प्रयोग. कुंडी करायला जुना टॉवेल सिमेंटच्या कालवणात बुडवून उलट्या बादलीवर पसरला. मे महिना, कडक ऊन, वाटलं पटकन वाळेल. वाळला आणि पापडासारखा तडकला. सिमेंट वाळवायचं नसतं, आठवडाभर ओलं ठेवून मुरवायचं असतं, हे गवंड्याला माहीत असतं, मला नव्हतं. दुसरी नीट झाली तर उत्साहात लगेच नेचा लावला. पानांची टोकं जळाली. सिमेंटमधला चुना उतरायला तीन आठवडे पाणी भरून, बदलून ठेवावं लागलं. आता दोन पावसाळे खाऊन अगदी दगडी दिसते. पण हिला पर्यावरणपूरक म्हणवत नाही. टॉवेल वाचला हे खरं, सिमेंट बनवताना कार्बन डायऑक्साइड निघतोच.

घोडबंदर रोडहून, सतरावा मजला: थोडा विरोधी सूर. वारा असा की मेमध्ये मातीच्या कुंडीला दिवसातून दोनदा पाणी लागतं, शिवाय ग्रीलवर वजन. म्हणून रंगाचे रिकामे डबे आणि फुटके टब. माती एवढीच: उन्हाळा संपल्यावर अडगळीत गेलेला माठ मोठ्या टबात गळ्यापर्यंत पुरलाय. भरून ठेवला की मुळांना लागेल तसं पाणी पाझरतं. दोन दिवस गावाला जाता येतं. तोंडावर बशी ठेवा मात्र, नाहीतर डासांची सोय.

पुन्हा नौपाडा: माठाचं आजच करते. आणि ती "रोगी" कुंडी खाली कचऱ्यापाशी दिसली, वर घेऊन आले. भोकावर खापरीचा तुकडा ठेवून पुदिना लावलाय. वर्तकनगरच्या ताई, तुमचं वाचून काठाच्या आत बोट फिरवलं, ठसा काही लागला नाही. साच्यातली असावी.