मदत हवी आहे: उसाच्या चिपाडाच्या लॅम्पशेडला बुरशी

औद्योगिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी उसाचे चिपाड कॉस्टिक सोड्यात शिजवून, धुऊन, वाटून आणि मैद्याच्या खळीत कालवून साच्यावर लॅम्पशेड थापली आहे. उन्हाळ्यात ती खणखणीत वाळली. कोल्हापुरात पावसाची झड लागताच आतल्या कडेला राखाडी ठिपके उमटले. खळीत बोरिक पावडर मिसळल्यावर बुरशी कमी झाली, थांबली नाही. मेण लावले तर प्रकाश सुरेख पाझरतो, पण धूळ चिकटते. दिवा 7 वॅटचा एलईडी असल्याने उष्णतेची फारशी अडचण नाही. शेड शेवटी खतात कुजायला हवी, म्हणून इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असे न कुजणारे प्लास्टिकसारखे लेप चालणार नाहीत. अशा वेळी खळच बदलावी, की स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे हात द्यावेत, आणि दमट हवेत लाख पांढरी पडू नये म्हणून ते किती पातळ व किती अंतराने द्यावेत?