वितळलेल्या पोलादातला हायड्रोजन अल्ट्रासाउंडने काढता येईल का?

प्रश्न:
५०० किलोची इंडक्शन भट्टी, डब्ल्यूसीबी ग्रेडची (साध्या कार्बन पोलादाची) कास्टिंग. मशीनिंगमध्ये वरचे एक-दोन मिलिमीटर गेले की पिनहोल (वायूची बारीक छिद्रं) उघडे पडतात. ॲल्युमिनियमवाले २० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासाउंडने डिगॅसिंग करतात (वायू काढतात), तेच लॅडलमध्ये, म्हणजे पोलाद ओतायच्या भांड्यात, चालेल का?

उत्तर १:
तत्त्व चालतं, पण कंपनं द्रवात नेणारा दांडा टिकत नाही. लहरीमुळे द्रवात क्षणभर दाब उतरतो, बारीक पोकळ्या होतात, हायड्रोजन त्यांत शिरतो आणि बुडबुडे वर येतात. ॲल्युमिनियम ७००-७५० अंशांना असतं, तिथे नायोबियमचा दांडा पुरतो. पोलाद १६०० ला. टायटॅनियम १६६८ ला वितळत असलं तरी त्याआधीच पोलादात विरघळायला लागतं. सिरॅमिक बुडवताना तडकतं. शिवाय दांड्याची लांबी अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत लागते. तो तापला की त्यातला ध्वनिवेग बदलतो, अनुनाद सुटतो आणि जनरेटर चालू असूनही टोकाला कंपनं पोचत नाहीत.

उत्तर २:
दांडा टिकला तरी समतोल बदलत नाही, हे महत्त्वाचं. लहरी फक्त वायू सुटण्याचा वेग वाढवतात. १६०० अंशांना १ वातावरण हायड्रोजनखाली लोखंडात साधारण २५ पीपीएम (दहा लाखांत २५ भाग) मावतो, आणि दाब उतरला की हे प्रमाण त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं. म्हणून १ मिलिबारला ते ०.८ च्या आसपास येतं. व्हॅक्यूम डिगॅसिंगचं सगळं बळ यातच आहे. उघड्या लॅडलवर दमट हवा असेल तर काढलेला हायड्रोजन परत शिरणारच.
आधी पोलादातलं ॲल्युमिनियम तपासा, ऑक्सिजन बांधायला टाकतात ते. ते कमी पडलं तर पिनहोल कार्बन मोनॉक्साइडचे असू शकतात.

प्रश्नकर्ता:
शिल्लक ॲल्युमिनियम ०.०३ टक्के आहे. पावसाळ्यात त्रास वाढतो.

उत्तर २:
मग ओल शोधा. गंजकं स्क्रॅप आणि उघड्यावरचा चुना बंद करा. चुना हवेतली ओल ओढतो. फेरोॲलॉय (पोलादात मिसळायचे लोहमिश्रधातू) २०० अंशांच्या वर वाळवून घ्या. लॅडल आतून लाल होईपर्यंत तापवा, विशेषतः लायनिंगला (आतल्या उष्णतारोधक थराला) नवीन पॅच मारला असेल तर. वरून कोरडा दिसणारा पॅच आत पाणी धरून असतो. नव्या लायनिंगच्या पहिल्या हीटमध्ये (घाण्यात) महत्त्वाचं काम ओतू नका.

उत्तर १:
पोरस प्लगमधून (लॅडलच्या तळाच्या सच्छिद्र विटेतून) अरगॉन द्यायचा तर हळू द्या. स्लॅग (वर तरंगणारी मळी) फाटून धातू उघडा पडला की हवेतला नायट्रोजन आत जातो. नो-बेक साच्याच्या (न भाजता रेझिनने घट्ट होणाऱ्या वाळूच्या साच्याच्या) रेझिनमध्ये युरिया असेल तर नायट्रोजनही मोजून घ्या. हायड्रोजनचा नमुना लगेच बर्फाच्या पाण्यात विझवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा. टेबलावर पडून राहिला तर वायू निघून जातो आणि आकडा खोटा कमी येतो.