ए विंगची शांती आधी की अर्थिंग आधी?

सेक्रेटरी काका: नमस्कार सगळ्यांना. ए-४०२ मधला भाडेकरू पोट्टा कूलरचा शॉक लागून गेला, तुम्हाला माहीतच आहे. काल गावी सगळं आटोपलं. आम्ही तिघं जाऊन आलो. वडिलांकडे बघवत नव्हतं. आता दोन गोष्टी. काही सभासदांचं म्हणणं आहे की ए विंगची शांती करून घ्यावी, घरटी ५०० रुपये. आणि टँकर आज ४ नंतर येईल, सकाळी येणार नाही.

ए-३०१ काकू: साधी शांती नाही, पंचकशांती करा. तो पंचकात गेला, मी कॅलेंडर पाहिलं. पंचकात गेलेला माणूस एकटा जात नाही, पाच नेतो. प्रेतासोबत जाळायचे पाच पुतळे गावी केले होते का, कोणी विचारलं तरी?

ए-१०२: बाप्पा! आमच्याकडे लहान लेकरू आहे काकू 🙏

ए-३०१ काकू: म्हणून तर सांगून राहिली. त्याच फ्लॅटमध्ये दोन वर्षांआधी आजोबा गेले ना. त्याच गॅलरीत. दक्षिणेची गॅलरी आहे ती. आणि आठ दिवस झाले, रात्री खाली कुत्रं रडत होतं. वॉचमनला विचारा.

बी-१०३: काकू, ते कुत्रं आमच्या विंगखालीही रडते. दोन वर्षांपासून रडते.

ए-४०२ मालक (पुणे): नमस्कार. झालं ते फार वाईट झालं. शांतीचा पूर्ण खर्च मी करतो, वर्गणी काढू नका. लागल्यास जागाही मंत्राने बांधून घेऊ. ओळखीचे एक महाराज आहेत, २१,००० घेतात.

ए-३०१ काकू: 🙏🙏 याला म्हणतात माणुसकी.

बी-२०४: मालक साहेब, शांतीचे पैसे देताय, द्या. फ्लॅटचं वायरिंग बदलायचे पैसे देताय का, तेवढं आधी सांगा.

ए-४०२ मालक (पुणे): काका, वायरिंगचा इथे काय संबंध? कूलर त्याने स्वतः आणला होता. मी नव्हता दिला.

बी-२०४: सांगतो. लांबलचक होईल, पण माझी सगळी नोकरी विजेतच गेली. विद्युत निरीक्षकांची माणसं परवा तपासायला आली तेव्हा मी तिथे उभा होतो. पाहिलं ते लिहितो.

गॅलरीतला बोर्ड उघडला. सॉकेट तीन पिनांचं आहे, वरचं मोठं भोकही आहे. मागे वायर दोनच. हिरवी वायर आलेलीच नाही, म्हणजे ते वरचं भोक नुसतं शोभेचं. कूलर आपल्याकडे असतो तसाच, लोखंडी पत्र्याचा. पंपाची वायर ज्या भोकातून आत जाते तिथे पत्र्याची धार उघडी. फॅनच्या थरथरीने वायर त्या धारेवर घासत राहिली आणि नखाएवढं तांबं बाहेर आलं. ते पत्र्याला टेकलं की अख्खा कूलर जिवंत. मल्टिमीटर लावला, पत्रा आणि ओली फरशी यांच्यात २०० व्होल्टच्या वर. अर्थिंग असतं तर हा करंट हिरव्या वायरीने जमिनीत गेला असता आणि फ्यूज किंवा एमसीबी तिथल्या तिथे उडाला असता. अर्थिंग नव्हतं, म्हणून तो पोट्ट्यातून गेला.

कूलर त्याचा होता, मान्य. बिनअर्थिंगचा बोर्ड कोणाचा होता?

ए-१०२: काका, पण एमसीबी काहून नाही पडला? नवीनच बसवला होता म्हणतात.

बी-२०४: चांगला प्रश्न. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. तिथला १६ अँपिअरचा आहे, म्हणजे १६ च्या वर गेल्याशिवाय त्याला काही वाटत नाही. ओल्या अंगाचा रोध साधारण हजार ओहम धर. २३० व्होल्ट भागिले हजार, पाव अँपिअरच्या आत. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब जेवढा करंट खातो, जवळपास तेवढाच. एमसीबीच्या हिशोबी घरात एक बल्ब लागला.

माणसाचा हिशोब मिलीअँपिअरमध्ये होतो. एक-दोनला झिणझिण्या. दहा-पंधराच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात. पन्नास ते शंभरमध्ये हृदयाची लयच मोडते, ते नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. याच्या अंगातून दोनशेच्या वर गेला.

त्याचा रूममेट सांगत होता ना, "कूलर त्याला सोडतच नव्हता, आतून कोणी ओढून राहिलं होतं असं वाटलं"? ते खरंच तसं दिसतं. मूठ आवळणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा ताकदवान असतात. करंटने दोन्ही एकदम आखडले की मूठ मिटते, आणि माणसाने स्वतः उघडायची म्हटली तरी उघडत नाही. पोरगा ओढायला गेला, त्यालाही झटका बसला. नशीब, त्याच्या पायात चप्पल होती.

बी-३०२: हे सगळं ठीक आहे काका. पण मला एक सांगा. तो महिनाभर रोज त्याच कूलरमध्ये पाणी भरत होता. रोज काही झालं नाही, त्याच दिवशी का झालं? वेळ भरली होती म्हणूनच ना?

ए-३०१ काकू: हेच! याचं उत्तर नाही कोणाकडे.

बी-२०४: बरंचसं आहे वहिनी. रोज तो संध्याकाळी बूट-मोजे घालून कामावरून यायचा आणि तसाच पाइप लावायचा. त्या दिवशी सुट्टी होती. आंघोळ करून अनवाणी आला, अंग ओलं. कूलर चालूच ठेवून भरत होता, कारण बाहेर ४५ डिग्री आणि आत दोघं झोपलेले. टाकी वाहून गेली, फरशीवर पाणी. ती वायर कदाचित आठवड्याआधी उघडी पडली असेल, कदाचित त्याच सकाळी. कोरडे बूट मधे होते तोवर तो वाचत होता, एवढंच.

तरी तोच का, आणि आपल्यापैकी कोणी का नाही, असं त्याची आई विचारेल. त्या "का"चं उत्तर माझ्याकडे नाही. २१ हजारवाल्याकडेही नाही. नसलं तरी तो देतो, एवढंच.

बी-१०३: 👍

ए-३०१ काकू: आणि आजोबा? त्यांनी तर कूलरमध्ये पाणी भरलं नव्हतं. हार्ट अटॅक होता तो.

बी-२०४: अटॅक होता असं आपण ठरवलं वहिनी. वय ७१, पहाटे गॅलरीत पडलेले सापडले, म्हणून अटॅक. पोस्टमॉर्टेम झालं नाही. ओल्या कातडीतून करंट गेला तर भाजल्याची खूणही कधी कधी राहत नाही. मी असं म्हणत नाही की तेही शॉकने गेले, ते आता कोणालाच कळणार नाही. पण तेव्हाही मे महिना होता, तीच गॅलरी, तोच बोर्ड. कूलर तेवढा वेगळा.

तुम्ही म्हणता एकाच जागी दोन मृत्यू म्हणजे जागा वाईट. मी पण तेच म्हणतो, जागा वाईटच आहे. रस्त्यांच्या खात्याकडे याला रीतसर नाव आहे, ब्लॅक स्पॉट. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसं गेली, की ती जागा यादीत येते. मग तिथलं वळण, उतार, दिवे, दुभाजक तपासतात. एकाच जागी पुन्हा पुन्हा माणसं मरत असतील तर तिथे काहीतरी तसंच पडून आहे, कोणी हलवलेलं नाही, असा त्याचा अर्थ धरतात. शांती केली, होम केला, आणि ती दोन तारांची वायर भिंतीत तशीच राहिली, तर पुढच्या भाडेकरूलाही तीच गॅलरी आहे.

ए-१०२: समृद्धी महामार्गावर पण असंच काही केलं होतं ना?

बी-२०४: हो. १ जुलै २०२३ ला आपल्या नागपूरहून पुण्याला निघालेली बस सिंदखेडराजाजवळ पेटली, २५ माणसं गेली. त्यानंतर तिथे काहींनी महामृत्युंजय यंत्र बसवलं, जप केला, म्हणे आता अपघात होणार नाहीत. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. इकडे अभ्यास करणारे सांगत होते की सरळसोट रस्ता, एकसारखा वेग, डोळे उघडे पण मेंदू झोपलेला. रोड हिप्नॉसिस. पहाटेच्या ड्रायव्हरला यंत्र दिसत नाही, त्याला थांबायला जागा आणि चहा पाहिजे.

बी-३०२: म्हणजे आता शांती केली तर आपल्यावरही गुन्हा? देवाधर्मावरच घसरायचं का प्रत्येक वेळी?

बी-२०४: नाही भाऊ. २०१३ चा तो कायदा पूजा, कीर्तन, वारी, होम कशालाच हात लावत नाही, तसं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. भुताची भीती घालून पैसे उकळणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारत बसणं, असल्या गोष्टींसाठी आहे तो. गुरुजींना भिऊ नका. "जागा बांधून देतो"वाल्याला मात्र मी सोसायटीच्या गेटच्या आत येऊ देणार नाही. मारबतीच्या मिरवणुकीत मी पोट्टेपणापासून "घेऊन जा गे मारबत" ओरडतो आहे, यंदाही महाल भागात जाऊन ओरडणार. पण मारबत ईडापीडा घेऊन गेली म्हणून नगरपालिकेने डासांची फवारणी बंद केल्याचं ऐकलं आहे का कोणी?

बी-१०३: 😄 महानगरपालिका काका.

बी-२०४: तेच ते. आणि वहिनी, पंचकाचं. चंद्र सत्तावीस नक्षत्रं साधारण सत्तावीस दिवसांत फिरतो. अर्धी धनिष्ठा ते रेवती, साडेचार नक्षत्रं म्हणजे पंचक. सत्तावीसपैकी साडेचार, सहावा हिस्सा. नागपुरात मरणाऱ्या सहा माणसांतला एक पंचकातच जाणार, दुसरीकडे जाणार कुठे? प्रत्येकाने पाच नेले असते तर दर महिन्याला पंचक सरलं की मोक्षधामला रांग लागली असती. तिथल्या माणसाला विचारून या, महिन्याचा असा काही हिशोब आहे का. ए-१०२, तू लेकराला घेऊन निवांत झोप. कूलर तेवढा तपास.

ए-३०१ काकू: भाऊजी, तुम्हाला सगळंच हिशोबात बसवायचं असते. माझ्या सासूबाई पंचकात गेल्या तेव्हा वर्षात घरातले दोघं गेले. ते मी पाहिलं आहे.

बी-२०४: पाहिलं असेल वहिनी, नाही म्हणत नाही. दुःख खरंच आहे ते.

ए-२०३ ताई: मला एक विचारायचं होतं. आमच्या कूलरला हात लावला की कामवाल्या बाईला झिणझिण्या येतात. मला कधीच येत नाहीत. ती म्हणते ताई तुमच्या घरात काहीतरी आहे, परवापासून यायलाच तयार नाही.

बी-२०४: ती बरोबर सांगते आहे, तुमच्या घरात काहीतरी आहे. ती अनवाणी ओल्या फडक्याने पुसते, तुम्ही स्लीपर घालून असता. आत्ता उठा, प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, जुन्या बोर्डात कधी कधी बटण न्यूट्रलवर असते आणि फेज चालूच राहते. प्लग बाहेर काढा आणि मला फोटो पाठवा.

ए-२०३ ताई: काढला. दोन पिनांचाच आहे 😟

बी-२०४: असणारच. आणखी एक. त्या दिवशी खाली कोणीतरी ओरडत होतं की मातीत झोपवा, करंट उतरेल. कोण होतं ते विचारत नाही. पण लक्षात ठेवा, शरीरात करंट साठून राहत नाही. मेन बंद केल्यावर त्या माणसाला हात लावायला काही धोका नाही. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला सोडवा. श्वास नसेल तर १०८ ला फोन आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबणं सुरू, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत. मातीत घालायला जी चार-पाच मिनिटं गेली, तीच त्याची होती.

सेक्रेटरी काका: भाऊ, त्याच्या घरच्यांना काही मिळेल का? वडील कास्तकार आहेत, दोन एकर.

बी-२०४: सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत २ लाख मिळतात. शेतकऱ्यासोबत घरातला एक सदस्यही त्यात येतो, विजेचा शॉकही त्यात धरतात. पोट्ट्याच्या बँक खात्यातून वर्षाचे २० रुपये कटत असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा, त्याचे आणखी २ लाख. दोन्हीकडे पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमचा कागद मागतात. याचं पोस्टमॉर्टेम झालं आहे, कारण रूममेट अडून बसला. घरच्यांना कोणी "बाहेरची बाधा" म्हणून सांगितलं असतं आणि त्यांनी तसाच नेला असता, तर चार लाखांवर पाणी. मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात कोणते कागद लागतात ते विचारून ठेवतो, तुम्ही वडिलांचा नंबर द्या. ग्रुपवर टाकू नका, मला वेगळा पाठवा.

आणि मालक साहेब अजून बोलले नाहीत.

ए-४०२ मालक (पुणे): काका, वायरिंग बदललं तर चूक माझीच होती असं होईल. वकिलांशी बोलून सांगतो.

बी-२०४: बघा बुवा. शांतीला वकील लागला नाही.

बी-३०२: काका, थोडं सांभाळून, सगळे वाचून राहिले.

बी-२०४: वाचू द्या. भूत असलं की कोणाचीच चूक नसते, म्हणून ते सगळ्यांना परवडते. ए-४०२ चं जे व्हायचं ते निरीक्षकांच्या अहवालात होईल. बाकी ३१ फ्लॅटांचं काय करायचं ते आपल्या हातात आहे. प्रत्येक घरी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. येणारा आणि जाणारा करंट यात तेवढा फरक पडला की तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तोडतो, जास्त फरक असला तर त्याहून लवकर. चांगल्या कंपनीचा दोन-तीन हजारांत येतो. अर्थिंगचा खड्डा मीटर रूमच्या मागे आहे, त्यात किती वर्षांत पाणी घातलं नाही ते मला माहीत आहे. मागच्या सभेत हा विषय कोणी "पुढच्या सभेत" ढकलला तेही माहीत आहे.

ए-३०१ काकू: ठीक आहे, खड्डा करा, आरसी काय ते करा. पण शांतीही होऊ द्या. माझ्याच्याने रात्री त्या जिन्याने जाववत नाही.

बी-२०४: होऊ द्या वहिनी, मी प्रसादाला येईन. फक्त आधी खड्डा. नाहीतर मंडपातला माइक आणि झालर त्याच मीटर रूममधून घ्याल.

सेक्रेटरी काका: ठरलं. इलेक्ट्रिशियन उद्या येतो. ए विंगची मेन सकाळी १० ते १ बंद राहील, लिफ्टही बंद.

ए-३०१ काकू: नवतप्यात १० ते १? सकाळी ७ ला ठेवा ना, माणसं मरतील उकाड्याने.

सेक्रेटरी काका: बरं, ७ ते १०. आज रात्री कूलर भरताना प्लग काढूनच भरा. तीन पिनांचे प्लग ज्यांना हवेत त्यांनी फ्लॅट नंबर लिहा, एकदम आणतो.

ए-२०३: २

बी-१०३: १

ए-१०२: २. काका, टँकर आला काय? साडेचार झाले.