विषय: देवमासा, अर्धा टन डायनामाइट आणि रस्ते खातं

मंडळी,

"ओरेगॉनमध्ये सरकारने देवमासा उडवला!" ही अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातली चित्रफीत पुन्हा फिरायला लागली आहे. ज्यांना ती ताजी वाटली त्यांच्यासाठी: तारीख १२ नोव्हेंबर १९७०. ही बातमी शिळी व्हायला तयारच नाही. अमेरिकन विनोदी लेखक डेव्ह बॅरी यांनी १९९० मध्ये तिच्यावर विनोदी सदर लिहिलं. पुढे १९९४ च्या सुमारास ते सदर तारखेविना इंटरनेटवर फिरलं आणि ओरेगॉनच्या वाहतूक खात्याला "काय चाललंय काय तुमचं?" असे फोन जायला लागले. प्रकरण तेव्हा चोवीस वर्षांचं होतं.

फ्लॉरेन्स गावाजवळच्या किनाऱ्यावर ४५ फूट लांब, ८ टनांचा मेलेला स्पर्म व्हेल (दात असलेल्या देवमाशांतली एक जात) वाहून आला. त्याची विल्हेवाट रस्ते खात्याकडे का? तर १९१३ मध्ये गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांच्या काळात ओरेगॉनचा किनारा कायद्याने सार्वजनिक महामार्ग ठरवला गेला होता. किनारा कोणी खाजगी मालकीचा करू नये, हा हेतू उत्तमच. पण त्याचा शेपटाकडचा परिणाम असा, की देवमासा म्हणजे रस्त्यातला अडथळा ठरला. रस्त्यात दरड आली तर इंजिनिअर काय करतो? सुरुंग लावतो.

वीस पेट्या, म्हणजे अर्धा टन डायनामाइट माशाच्या जमिनीकडच्या अंगाला वाळूत पुरलं. हिशोब असा, की बराचसा मासा समुद्राकडे उडेल आणि उरलेलं बारीकसारीक सीगल आणि खेकडे फस्त करतील. बघे पाव मैलावर नेऊन उभे केले. स्फोट झाला, चरबीचे लपके बघ्यांच्या आसपास पडले, आणि एक मोठा लपका पाव मैलावरच्या नव्या कोऱ्या गाडीचं छप्पर चेपून गेला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. गाडीचा मालक कोण? लष्करात स्फोटकांचं शिक्षण घेतलेला, "वीस पेट्या नकोत, वीस कांड्या पुरेत" असं आधी बजावून गेलेला माणूस! सीगल आवाजाने पळाले ते पळालेच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं आपण म्हणतो. इथे बराचसा हत्ती जागेवरच राहिला आणि शेवटी बुलडोझरने पुरून टाकावा लागला.

अर्धा टन म्हणजे अतिच झालं, नाही का?

– शिरीष

---

> अर्धा टन म्हणजे अतिच झालं, नाही का?

शिरीषराव, आकड्यांत बघाल तर नाही. चुकली ती जागा.

अमेरिकेच्या वन खात्याची १९९५ सालची एक अधिकृत पुस्तिका आहे: जंगलवाटेवर मेलेलं जनावर स्फोटकांनी कसं नाहीसं करावं. (अस्वलं वासाने येतात आणि तिथे मशीन पोचत नाही, म्हणून ही वेळ येते.) ५०० किलोच्या घोड्यासाठी साधारण ९ किलो स्फोटक: धडाखाली चार ठिकाणी प्रत्येकी तीन पौंड आणि प्रत्येक पायाला दोन ठिकाणी एकेक पौंड. मागमूसही नको असेल तर १८ ते २५ किलो. आणि मला सर्वांत आवडलेली सूचना: आधी नाल काढून घ्या, नाहीतर ते उडतील. ही सूचना कोणत्या अनुभवातून आली असेल, याचा मी विचार करत नाही.

आता त्रैराशिक मांडा. मागमूस नको तर घोड्याच्या वजनाच्या साधारण विसाव्या हिश्शाइतकं स्फोटक, म्हणजे त्याच प्रमाणात ८ टनांच्या माशाला ३६० ते ४०० किलो. त्यांनी वापरलं सुमारे ४५० किलो. मात्रा जवळपास बरोबर! पण पुस्तिका स्फोटक अंगभर वाटते आणि सगळे सुरुंग एका दोरवातीने जोडून एकदम उडवते. फ्लॉरेन्सला सगळा माल एका बाजूला, तोही सैल वाळूत.

दरडीत आपण भोकं पाडून स्फोटक आत ठासतो आणि वरून तोंड बंद करतो. दगड ठिसूळ, धक्क्याची लाट आतून ताण देते आणि त्याचा चुरा होतो. चरबीचा थर चिवट. तो आधी ताणला जातो, मग फाटतो, त्यामुळे चुरा न होता मोठाले लपके निघतात. शिवाय वाळू वाट देते, आणि स्फोटाचा जोर सोप्या वाटेनेच जातो.

गाडीचं म्हणाल तर पाव मैल म्हणजे ४०० मीटर. तेवढं जायला, हवेचा विरोध सोडून दिला आणि अगदी ४५ अंशांत निघाला असं धरलं, तरी त्या लपक्याला सेकंदाला ६३ मीटर वेग हवा. ताशी सव्वादोनशे किलोमीटर. प्रत्यक्षात जास्तच. छप्पर गेलं यात नवल नाही.

– सुनीता

---

सुनीताताई, हिशोब पटला. पण देवमाशाला डायनामाइट लागतंच असं नाही, तो स्वयंभू आहे.

२६ जानेवारी २००४, तैवानमधलं ताइनान शहर. १७ मीटर लांब, ५० टनांच्या आसपासचा स्पर्म व्हेल. तीन क्रेन, पन्नास माणसं आणि तेरा तास लावून तो ट्रेलरवर चढवला होता. विद्यापीठाने आवारात शवविच्छेदनाला नकार दिला, म्हणून वरात दुसरीकडे निघाली आणि भर रस्त्यात पोट फुटलं. दुकानं, मोटारी, स्कूटर सगळ्यांना प्रसाद.

कारण साधं. आतड्यातले जंतू मेल्यावरही काम करत राहतात आणि मिथेन, हायड्रोजन सल्फाइड वगैरे वायू सोडतात. चरबीचा जाड थर उष्णता आत कोंडतो, त्यामुळे कुजणं वेगाने होतं, आणि चिवट कातडी वायूला वाट देत नाही. त्यात वाहतुकीचे हिसके.

म्हणून हलवण्याआधी वायू सोडतात. लांब दांड्याची सुरी, वारा पाठीशी, पोटासमोर कधीही उभं न राहता बाजूने छोटा छेद, मग थांबायचं, मग पुढचा. नोव्हेंबर २०१३ मध्ये फेरो बेटांवर एका जीवशास्त्रज्ञाने मेलेल्या स्पर्म व्हेलवर सुरी चालवताच आतडी फवाऱ्यासारखी बाहेर आली. तो उडी मारून निसटला. २०१४ मध्ये कॅनडातल्या ट्राउट रिव्हरला फुगलेला निळा देवमासा फुटला की नाही, एवढंच सांगणारी वेबसाइट निघाली होती. तो काही फुटला नाही, हळूहळू बसला.

– अविनाश

---

उडवायचं नाही आणि फुटूही द्यायचं नाही, तर मग पुरणं. खड्डा भरतीच्या रेषेच्या वर, आणि माती लोटण्याआधी पोट उघडलेलं हवं, नाहीतर मासा वाळूखाली फुगून वरचा थर उचलतो. ओरेगॉनचं खातं शिकलं: जून १९७९ मध्ये फ्लॉरेन्सजवळच ४१ स्पर्म व्हेल एकदम किनाऱ्याला लागले, तेव्हा ते जाळून पुरले.

पुरण्यातही घोळ आहेच. ऑस्ट्रेलियात पोर्ट मॅक्वारीला २०१७ मध्ये किनाऱ्यावर हम्पबॅक जातीचा देवमासा पुरला, तर पाझरणाऱ्या तेलाच्या वासाने शार्क येतील म्हणून लोक खवळले, आणि तो पुन्हा उकरून काढावा लागला.

समुद्रात ओढून न्यायचा तर दोर शेपटाच्या देठाला बांधतात. तिथे अंग निमुळतं असतं आणि टोकाचे शेपटाचे रुंद पंख दोर सटकू देत नाहीत. पण पोटात वायू असेपर्यंत मासा तरंगतो. फार दूर नेला नाही तर पुढच्या भरतीला परत हजर.

आणि किनाऱ्यावर फिरणाऱ्यांसाठी: अमेरिकेत स्पर्म व्हेल संकटग्रस्त जातींत मोडतो. वाळूत सुटा दात सापडला तरी खिशात घालू नका, गुन्हा आहे.

– मीनल